सतरावा स्वाध्याय

४ फेब्रुवारी, बुधवार
दुपारी, जेवणानंतर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील अशी आशा करते. इकडे सर्व ठीक आहे.

सहा वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि सुरुवात अशी, जणू नमुना पत्रांच्या पुस्तकातून उतरवली आहे. तू हसशील, नाहीतर पत्र इथेच मिटून ठेवशील. मिटणार असलीस तर आधी एवढं वाच की हे कामाचं पत्र आहे. मला तुझ्याकडून एका गोष्टीला हो किंवा नाही हवं आहे, वीस तारखेच्या आत. तुझा नवा फोन नंबर माझ्याकडे नाही, म्हणून शाळेच्या पत्त्यावर लिहिते.

माझ्या व्याकरणाच्या स्वाध्याय पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. बोक्याने परवा प्रुफं पाठवली. बोका म्हणजे आमचे संपादक. तुला आठवत असतील, एकदा घरी आले होते आणि चाहूल न लागू देता थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले होते. तू किंचाळलीस आणि बाबांनी त्यांना हे नाव दिलं. आता ऑफिसातही सगळे तेच म्हणतात. त्यांना वाटतं, कुणाला माहीत नाही.

तर प्रुफं. त्यात नामांचं प्रकरण आहे. इंग्रजीत नामांना एकटं राहवत नाही, हे तूही पाचवीच्या पोरांना शिकवतेस. 'परमिशन' म्हटलं की मागे 'टू' आणि क्रियापद. 'हॅबिट' म्हटलं की 'ऑफ'. 'रीझन' म्हटलं की 'फॉर'. कुणाच्या मागे कोण, याचे नियम आहेत म्हणे, पण नियमांपेक्षा अपवाद जास्त, भाजीपेक्षा मीठ जास्त व्हावं तसे. मुलांना मी सांगते, पंगतीत कुणाला कुणाशेजारी बसवायचं हे घरच्या बाईला जसं तोंडपाठ असतं, तसं हे पाठ करा आणि कारण विचारू नका.

आपल्याकडे सगळं आधी येतं. राहायची परवानगी. जायची भीती. काय असेल ते सांगून मोकळं व्हायचं आणि नाम शेवटी आणायचं. इंग्रजीत नाम आधी ठेवून देतात आणि ऐकणारा ताटकळत राहतो की भीती, पण कशाची. या एका फरकावर माझी बावीस वर्षं पोटाची सोय झाली आहे.

त्या प्रकरणाच्या शेवटी सतरावा स्वाध्याय आहे. पान एक्केचाळीस. रिकाम्या जागा भरा, वीस वाक्यं. तुला ते पान पाठ असेल.

सहावं वाक्य: त्याला दुधाच्या बाटलीवर चिठ्ठ्या चिकटवायची सवय होती. अकरावं: तिला घरी जायची भीती वाटू लागली. चौदावं: तिने मावशीकडे राहायची परवानगी मागितली. इंग्रजीत ती जास्त सभ्य दिसतात.

ही तिन्ही मी तुझ्या पत्रातून घेतली. ताईची मावशी केली, तेवढीच माझी खबरदारी. तुला माझ्या कामाची रीत माहीत आहे. दिवसाला साठ वाक्यं लागतात. ऑफिसचा नियम असा की वाक्यात कुणी मरू नये, कुणी आजारी पडू नये, शिक्षक सगळे प्रेमळ असावेत. बावीस वर्षं माझी माणसं बाजारात जातात आणि वेळेवर परत येतात. दुपारी चार वाजता डोकं चालेनासं झालं की हाताला येईल ते घ्यायचं: औषधाचा कागद, शेजारणीचं बोलणं, वर्तमानपत्राचा तुकडा. त्या दिवशी तुझं पत्र टेबलावर होतं. झालं ते असं.

मग पुस्तक तुझ्याच शाळेत लागलं. तू मला ते पान फाडून पाठवलंस. वीसच्या वीस जागा भरलेल्या, लाल शाईने, वर गुण दिलेले: वीसपैकी वीस. मागच्या बाजूला तू एक ओळ लिहिली होतीस. ती मी वाचली आहे. तिच्याबद्दल आज लिहीत नाही.

विचारायचं ते हे: नव्या आवृत्तीत ती तीन वाक्यं ठेवू की काढू? काढणं माझ्या हातात आहे, अर्ध्या तासाचं काम आहे. पण तुला न विचारता घातली होती, म्हणून काढतानातरी विचारावं असं वाटलं. उशिरा सुचलेलं शहाणपण म्हण.

बाकी बातम्या. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी नवं मशीन घेतलं, ते चालू झालं की आपल्या कपाटातल्या बशा वाजतात. दिवसा एक नर्सबाई येतात, बाबांसाठी. स्वभावाने चांगल्या आहेत, पण बाबांशी मोठ्याने बोलतात. त्यांना वाटतं झोपून असलेल्या माणसाला कमी ऐकू येतं. बाबांना तर अजून लिफ्टचा आवाज सुद्धा पलंगावरून कळतो. काल म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर अडते आहे. ब्रेक घासतोय. त्या लोकांना सांग, नाहीतर कुणीतरी अडकेल." मी खाली सांगून आले. मेकॅनिक आला, बघितलं, ब्रेकच होता. चाळीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात घालवली की असं होत असेल.

ते झोपूनच असतात आता. जेवण कमी झालं आहे.

सोमवारी त्यांनी तुझं नाव घेतलं. तू यावंस असं म्हणाले. तुला जमेल तसं बघ.

वाक्यांचं तेवढं कळव.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय धाकटे,

मागचं पत्र पोस्टात पडलेलं नाही. पाकीट केलं, पत्ता घातला, तिकीट लावलं, आणि ते माझ्या पिशवीत आठ दिवस ऑफिसला जाऊन येतं आहे. आमच्या ऑफिसच्या दारातच पोस्टाची पेटी आहे. छत्री टेकवायला मी तिचा उपयोग करते.

काल ते पुन्हा उघडून वाचलं. नमनालाच घडाभर तेल. बाबांबद्दल जे सांगायचं होतं ते बशा वाजतात त्याच्याही खाली, शेवटून दुसऱ्या ओळीत. शिवाय 'जमेल तसं बघ'. मी हे वाक्य विद्यार्थ्याच्या वहीत पाहिलं असतं तर समासात लिहिलं असतं: अर्थ स्पष्ट करा.

स्पष्ट करते. बाबा जाणार आहेत. त्यांनी तुला बोलावलं आहे. दोन तारखेला, सोमवारी सकाळी, मी त्यांची दाढी करत असताना.

म्हणाले, "धाकटीला बोलाव."

मी म्हटलं, "बोलावते."

"कधी?"

"आज पत्र टाकते."

"पत्र कशाला? फोन कर की."

"तिचा नंबर बदललाय, बाबा."

"मग शाळेत कर. शाळेत फोन नसतो होय?"

मी म्हटलं, "करते." साबण पुसला, वाटी विसळली, आणि ऑफिसला गेले. तुझ्या शाळेचा नंबर माझ्या टेबलाच्या खणात आहे. तो मी चार वर्षांपूर्वीच शोधून ठेवला होता. दोन मिनिटांचं काम होतं. शिपाई तुला वर्गातून बोलावून आणेल, तू 'हॅलो' म्हणशील, इथपर्यंत मला दिसत होतं. त्यापुढे मी काय म्हणायचं हे दिसत नव्हतं. म्हणून मी पत्र लिहायचं ठरवलं, कारण पत्रात समोरचं माणूस लगेच बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. तपासून झाल्यावर मला दारापाशी बाजूला घेतलं, चपला ठेवायच्या मांडणीजवळ, आणि इंग्रजीत सांगितलं. हे लोक वाईट बातमी इंग्रजीतच सांगतात, बहुतेक त्यांना ती कमी टोचते. 'चान्स ऑफ रिकव्हरी' आता नाही, म्हणाल्या. दहा दिवस, फार तर पंधरा. जवळच्या कुणाला कळवायचं असेल तर कळवून घ्या.

धाकटे, त्या बोलत होत्या आणि मी काय विचार करत होते ते सांगते. मी 'चान्स'चा विचार करत होते. हे नाम दोन्हीकडे जातं. मागे 'ऑफ' आलं तर शक्यता, 'टू' आलं तर संधी. प्रकरणात मी ते घातलंच नव्हतं आणि ही चांगली जागा होती. बरं व्हायची शक्यता संपली होती. तुला बोलवायची संधी अजून होती. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या इतकं नीट कळलं की मी डॉक्टरीणबाईंना जिन्यापर्यंत सोडलं, आत आले, टेबलाशी बसले आणि प्रुफाच्या समासात दोन नवी वाक्यं लिहिली. पहिलं, पावसाची शक्यता नाही. दुसरं, तिला बहिणीला भेटायची संधी होती. अक्षर नेहमीसारखंच आलं. मग मी बाबांची पेज गरम करायला ठेवली.

फोन केला नाही.

तुला संताप यावा म्हणून हे लिहीत नाही. मला स्वतःला तो येत नाही, हे सांगायचं आहे. काहीच येत नाही. परवा चहा गाळताना हातावर सांडला आणि संध्याकाळी फोड बघितल्यावर कळलं की भाजलं होतं. नर्सबाई म्हणाल्या, "अहो ताई, लक्ष कुठंय तुमचं?" लक्ष कुठेच नसतं. ऑफिसात बोका येऊन मागे उभा राहतो आणि मला दचकायलाही होत नाही. त्याचा हिरमोड होतो.

बाबा रोज विचारतात, "उत्तर आलं का तिचं?"

मी सांगते, "पत्राला वेळ लागतो, बाबा."

"पोस्टखातं पूर्वी असं नव्हतं," असं म्हणून ते डोळे मिटतात. खात्यावर ठपका येतो आहे आणि मी मूग गिळून बसले आहे.

आता ती मागची ओळ. पान एक्केचाळीसच्या पाठीवर तू लिहिलं होतंस: "ताई, माझ्या वर्गातल्या एका मुलीने चौदावं वाक्य मोठ्याने वाचलं आणि मला विचारलं, बाई, मग मावशीने परवानगी दिली का?"

सहा वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुझा राग वाक्यांचा आहे. तुझं घरातलं दुखणं चारचौघांत मांडलं, पोरं हसली, त्याचा. मागच्या पत्रातही मी वाक्यांचंच विचारलं, ठेवू की काढू, म्हणजे जणू भांडण तेवढंच. पण तुझ्या ओळीत पुस्तकाबद्दल काही नाही. तुझं पत्र मला आलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं, एवढंच त्यात आहे.

पत्र तुला आठवत असेल, मला शब्दन् शब्द आठवतं. नवऱ्याने बोलणं टाकून पाच महिने झाले, काही हवं असेल तर दुधाच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवतो, आणि शाळा सुटली की तू बागेच्या कठड्यावर अंधार पडेपर्यंत बसून राहतेस. शेवटी: "ताई, मी थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का? बाबांच्या खोलीत खाली गादी घालून झोपेन. तुझ्या कागदांना हात लावणार नाही."

ते पत्र टेबलावर सहज पडलेलं नव्हतं. मी ते तीनदा वाचलं होतं आणि उत्तर लिहायलाच बसले होते. 'ये' एवढंच लिहायचं होतं. पण मग तू येशील, रडशील, मला तुझ्या पाठीवरून हात फिरवावा लागेल, तुझ्या नवऱ्याशी बोलावं लागेल, आणि काय बोलायचं ते मला येत नव्हतं. तुझी वाक्यं मात्र चांगली होती. साधी, नेमकी, नामं जागच्या जागी. मी पेन्सिल घेऊन त्यांच्याखाली रेघा ओढल्या. वाटलं, आधी एवढं काम संपवू, मग निवांत लिहू. ते काम सात आठवडे चाललं. तू तोवर नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात खाट मिळवून तिथे राहायला गेली होतीस. माझं उत्तर पोचलं तेव्हा तुझ्या जुन्या पत्त्यावर तुझा नवरा होता. त्याने ते न उघडता परत पाठवलं. त्यात 'ये' लिहिलं होतं, हे सांगून आता उपयोग नाही, आणि मी ते पुरावा म्हणून सांगतही नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते माझ्यासाठीच केलेलं असावं.

हे पत्र आज टाकते. टाकायच्या आधी शाळेत फोनही करते. दोन्ही करते.

ताई


१८ फेब्रुवारी, बुधवार
सकाळ

धाकटे,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला. जाड झाला आहे, वर्गात ओरडून असेल. तू 'कोण?' म्हणालीस, मी 'ताई' म्हटलं; मागे पोरांचा गलका चालू होता. मग मी सांगितलं. सोमवारी दुपारी तीन वाजता बाबा गेले. तू विचारलंस, "आणि नेणार कधी?" मी म्हटलं, "आज दुपारी." नऊ तासांचा प्रवास आहे, तू पोचणार नव्हतीस, आणि हे आपल्या दोघींनाही हिशेब न करता कळलं.

मग तू विचारलंस, "माझं काही म्हणाले का गं?"

मी म्हटलं, "नाही. शुद्धच नव्हती शेवटचे दिवस."

तू म्हणालीस, "बरं झालं. म्हणजे वाट बघून गेले असं नाही." तुझा आवाज मऊ झाला. म्हणालीस, "ताई, तू एकटीने सगळं केलंस. मी शनिवारी येते. दहा दिवसांची रजा टाकते. आपण दोघी राहू." तू सहा वर्षांनी मला ताई म्हणालीस आणि मी खोटं बोलून ते मिळवलं होतं.

बारा तारखेचं पत्रही मी टाकलं नव्हतं. फोनही केला नव्हता. त्या दिवशी ऑफिसातून निघताना रिसीव्हर हातात घेतला, तेवढ्यात बोक्याने मागून येऊन विचारलं, "प्रुफं कधी देताय?" आणि मी रिसीव्हर ठेवून दिला. त्याच्यावर ढकलायला ते बरं आहे, पण तो विचारून लगेच निघून गेला होता आणि फोन तिथेच होता. मी चहा घेऊन घरी आले.

दोन्ही पत्रं यासोबत आहेत. वाचलीस की कळेल की बाबांनी तुला दोन तारखेला बोलावलं, ते पूर्ण शुद्धीत होते, आणि रोज विचारत होते. चौदा दिवस होते. तू एका रात्रीत पोचली असतीस. पत्रांत मी काही सुधारलेलं नाही. पहिल्या पत्रात एके ठिकाणी भाषा सांभाळून घेतल्यासारखी आहे, तीही तशीच ठेवली आहे.

हे तुला कधीच कळलं नसतं. नर्सबाईंचं काम संपलं, त्या दुसऱ्या घरी गेल्या. डॉक्टरीणबाईंना कोण विचारणार? पत्रं चुलीत घातली असती की झालं. शनिवारी तू आली असतीस, दोघींनी त्यांचं कपाट आवरलं असतं, अवजारांची पेटी कुणाला द्यायची यावर थोडं भांडलो असतो. मला ते हवं आहे. ते किती हवं आहे हे काल फोन ठेवल्यावर समजलं, आणि बऱ्याच दिवसांत मला समजलेली ती पहिली गोष्ट आहे. पण तुझा प्रश्न होता, माझं काही म्हणाले का, आणि तुझ्या प्रश्नावर दुसऱ्यांदा मी आपलं भागवून घेतलं, असं व्हायला नको.

म्हणाले. सोमवारी दुपारी. नर्सबाई खाली औषधाच्या दुकानात गेल्या होत्या. मी उशी सारखी करत होते. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "धाकटे?"

मी 'नाही' म्हणू शकले असते. मी म्हटलं, "हो, बाबा."

"आलीस होय? पोचलं पत्र?"

"पोचलं."

त्यांनी माझा हात धरला. तुझा म्हणून धरला. मग थांबत थांबत बोलले, जसं बोलले तसं लिहिते: "मोठीवर डाफरू नकोस. तिला उशीर होतो. लहानपणापासून तशीच. पडली की रडायची नाही. दुसऱ्या दिवशी रडायची, बसल्या बसल्या. तुझी आई विचारायची, अगं आता काय झालं? आम्हाला कळायचंच नाही कशासाठी रडतेय. तुला कळायचं. तू तिच्या गुडघ्याला फुंकर घालायचीस, एवढीशी होतीस. तर तू काही म्हणू नकोस तिला."

मग विचारलं, "राहणार ना दोन दिवस?"

मी म्हटलं, "राहणार."

तेवढंच. नंतर लिफ्ट वर आली, त्यांनी कान दिला, आणि म्हणाले, "आता बरी चालतेय." ते शेवटचं.

तर तुझी वाक्यं मी घेतली होतीच, आता तुझी भेटही घेतली. हात तुझा होता, बोलणं तुझ्यासाठी होतं, आणि त्यात माझी रदबदली होती, जी मी तुझ्या जागी बसून स्वतःच्या कानांनी ऐकली. याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. इतकी वर्षं मी शब्द जुळवते आहे, पण याच्याजवळ ठेवायला एक शब्द मिळत नाही. मी वाईट वागले, एवढं मात्र साधं आणि बरोबर आहे.

सतरावा स्वाध्याय अख्खा काढला. तुला न विचारताच, कारण आता तो प्रश्न विचारण्यात काही राहिलं नव्हतं. बोक्याला सांगितलं तर तो म्हणाला, "घरात असं झालंय, राहू द्या ना, पुढच्या आवृत्तीत बघू." मी त्याच्यासमोर बसून वीस नवी वाक्यं लिहून दिली. सगळी बाजारात जातात. समासातलं ते 'संधी'चं वाक्यही खोडलं.

दुसऱ्या दिवशी रडते म्हणे. दुसरा दिवस काल झाला. आजचा तिसरा आहे आणि मी पत्र लिहिते आहे, हात स्थिर आहे, शाई कुठे पसरलेली नाही, तुझं तुला दिसेलच. बाबांचंही माझ्याबद्दल थोडं चुकलं असावं. किंवा मला आता दोन दिवस जास्त लागत असतील, वयाप्रमाणे.

हे मी आत्ताच, नऊच्या आत, मोठ्या पोस्टात जाऊन रजिस्टर करते. पावती माझ्याजवळ राहील. शुक्रवारी शाळेत तुझ्या हाती पडेल, म्हणजे शनिवारची गाडी पकडायच्या आधी. मुद्दाम तसं बघितलं. तू गाडीत बसल्यावर किंवा इथे चहाचा कप हातात असताना तुला हे कळणं बरोबर नव्हतं.

शनिवारी तुझ्याकडून दोन गाड्या येतात, साडेदहाची आणि अडीचची. मी दहापासून फलाटावर असेन. पहिलीतून उतरली नाहीस तर दुसरी बघेन. तीही गेली तर एवढं समजेन की पत्र पोचलं आणि तू ते पूर्ण वाचलंस. मग मी घरी जाईन, आणि तुझी बाजू बरोबर आहे हे कुणाला पटवून द्यायची तुला कधी गरज पडणार नाही, निदान माझ्यापुढे नाही.

तुझी ताई म्हणवून घेणारी,
मोठी